अकरा बाळाराम पाटील

रेगेकाकांच्या दुकानात गिऱ्हाइकाला स्वतःचं नाव सांगायची बंदी होती. कोणी तोंड उघडलंच, तर काका हात वर करत. "नाव सांगू नका, मी सांगतो!" मग नाव, गाव, मागच्या खेपेला नेलेला दोर आणि मुलीचं लग्न जमलं की नाही, एवढं सगळं काकांनी सांगितल्यावरच माल निघायचा. कल्याणच्या बाजारात दोर, सुतळी आणि मासेमारीची जाळी विकणारी दुकानं आणखीही होती. पण तिथे नुसता मालच मिळे.

अशा माणसाने नव्वद सालानंतर कधीतरी एकदम कॉम्प्युटर आणला. त्याला नंदीबैलाला शोभेल अशी झूल शिवली. "विक्रीकराचं सगळं आता यात. वकिलांनीच सांगितलंय," ते येईल त्याला ऐकवत. मी बँकेत असल्यामुळे मला हे यंत्र येतं असा त्यांचा समज होता. मीही तो दूर केला नाही. दर रविवारी सकाळी मी त्यांची बिलं यंत्रात भरू लागलो. शेजारी बसून काकाही एका बोटाने अक्षरं दाबायला शिकले.

पहिल्या विवरणपत्रासाठी गिऱ्हाइकांची यादी छापली, तेव्हा वकील ती घेऊन धावतच आले.

"काका, हा बाळाराम पाटील कोण? निम्मं दुकान एकटाच नेतोय! साहेब विचारतील, एवढ्या दोराचं करतो काय?"

"एक नाही हो, अकरा आहेत," काका शांतपणे म्हणाले.

आमच्या खाडीकाठी पाटील, म्हात्रे आणि भोईर या तीन आडनावांत गावंच्या गावं बसतात. यंत्राने अकरा बाळारामांचा एक केला होता.

"मग तारखेच्या आत वेगळे करा त्यांना!"

पत्त्यावरून ते सुटेनात, कारण चौघे एकाच गावचे. शेवटी काकांनी नावांपुढे खुणा घालायला लावल्या. बाळाराम पाटील, मिशी. बाळाराम पाटील, मिशी काढली. बाळाराम पाटील कळवा, हसतो. बाळाराम पाटील आंबिवली, हसत नाही.

"विक्रीकर खात्याला हसण्याशी काय करायचंय?" मी विचारलं.

"खात्याला नाही रे. मला."

विवरणपत्र वेळेत गेलं. त्यानंतर मात्र काकांना यंत्राचं भलतंच वेड लागलं. गिऱ्हाईक पायरी चढलं की "बसा" म्हणून ते पडद्याकडे वळत, एका बोटाने कळ दाबत यादी खाली-वर सरकवत, आणि मगच हात वर करत. "नाव सांगू नका, मी सांगतो!" नवी वस्तू घेतली की माणूस ती मिरवतोच, असं मी मनाशी म्हटलं. असल्या बाबतीत माझं मत फार लवकर तयार होतं.

एकदा कळव्याचा हसरा बाळाराम म्हणाला, "काय शेट, आता माजा नाव त्या टीवीला इचारतास?"

सगळे हसले. काकाही हसले. जरा उशिरा.

वर्ष संपत आलं तेव्हा वकिलांनी निरोप धाडला, की ज्यांनी वर्षभरात काहीच नेलं नाही त्यांची नावं काढून टाका. रविवारी काका मागे चहा टाकायला गेले आणि मी ते काम काढलं. यादीच्या तळाशी एक गिऱ्हाईक असं निघालं, की ज्याने आजवर हातभर सुतळीही नेलेली नव्हती. नोंद मी केलेली नव्हती. एका बोटाने, चुकत-माकत केलेली होती.

मधू सबनीस. बँकवाला. रविवारी येतो. चहात साखर नको. वडील गेले, त्यांची चौकशी करू नये. नाव विचारू नये, वाईट वाटेल.

मी ती नोंद दोनदा वाचली. यंत्र वकिलांमुळे आलं की आणखी कशामुळे, हे मी काकांना कधी विचारलं नाही. कप वाजले तसा मी घाईघाईने पडद्यावर दुसरं पान आणलं.

"काढलीस का नावं?"

"एक सोडून सगळी."

पुढच्या रविवारी मी पायरीवरूनच ओरडलो, "काका, मी मधू आलो!"

पूर्वी एवढ्या गुन्ह्यावर त्यांनी मला परत पाठवलं असतं.

"आलास ते दिसतंय," यंत्राकडे न बघता काका म्हणाले. "ओरडतोस कशाला? बस. बिनसाखरेचा ना तुझा?"