कडूबा कन्नडकडून खेळला

"मी टीम सोडतोय," हे वाक्य कडूबाने आरशासमोर अकरा वेळा म्हणून पाहिलं. बाराव्या वेळी त्याची बायको सारजाबाई चहा घेऊन आत आली.

"कोणती टीम?"

"कोणती म्हंजी? अजिंक्य क्रीडा मंडळ. बास्केटबॉल. चार वर्षं झाली, जिल्ह्यात पहिला नंबर हाय आमचा!"

"सोडायला आधी धरलेली असावी लागती," सारजाबाई कपबशी ठेवत म्हणाली. "तुम्ही तर तिथं नुसता टॉवेल धरता."

कडूबाला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. औरंगाबादच्या पुंडलिकनगरातल्या घराघरांत तो विजेचे मीटर वाचत हिंडे. उंची सहा फूट एक इंच. चौकटीच्या वर बसवलेला मीटरसुद्धा त्याला स्टुलाशिवाय वाचता येई. ही उंची पाहूनच अजिंक्यचे कोच मुख्तार सर यांनी त्याला टीममध्ये घेतलं होतं. बाकीचा कडूबा त्यांनी नंतर पाहिला.

चार वर्षांत तो एकूण सतरा मिनिटं खेळला होता. त्यातली पाच बन्सीच्या बुटाची नाडी तुटली म्हणून, आणि बारा निकाल केव्हाच लागून प्रेक्षक चपला शोधायला लागले होते म्हणून. बन्सी म्हणजे टीमचा हुकमी एक्का. तो खेळायचा आणि कडूबा बाकावर बसून टाळ्या वाजवायचा, बाटल्या भरायचा, कुणी पडलं तर पाणी घेऊन सगळ्यात आधी धावायचा. धावण्याचा त्याचा सराव होता तो एवढाच.

आता मात्र कन्नडहून निरोप आला होता. तिथल्या नानासाहेबांनी तालुक्याची टीम काढली होती आणि त्यांना एक 'अनुभवी, मेन खेळाडू' पाहिजे होता. त्यांनी पेपरात अजिंक्य मंडळाचा फोटो पाहिला होता. त्या फोटोत ढाल कडूबाच्या हातात होती. बाकीच्यांनी बन्सीला खांद्यावर घेतलं होतं, म्हणून ढाल धरायला कुणीतरी मोकळं माणूस हवं होतं, हे फोटोवरून कळायला मार्ग नव्हता. आणि नानासाहेबांना ते कळवायला कडूबालाही घाई नव्हती.

संध्याकाळी मैदानावर त्याने मुख्तार सरांना गाठलं. सर आधी गप्प होतील, मग खांद्यावर हात ठेवतील, म्हणतील, 'कडूबा, तुझ्याबिगर टीमचं कसं व्हायचं?' आणि मग आपण डोळे पुसत नकार देऊ, असा सगळा बेत त्याच्या मनात तयार होता.

"सर, मी टीम सोडतोय. कन्नडकडनं खेळणार."

"कन्नड? अरे वा! जाओ मियाँ, जाओ. सकाळची पहिली यष्टी पकड, नंतर बसायला जागा नाय मिळत." सर दोन पावलं पुढे गेले आणि एकदम थबकले. कडूबाचा जीव भांड्यात पडला.

"कडूबा, ती बॉलमध्ये हवा भरायची पिन कुठं ठेवतो रे तू?"

"माझ्या पिशवीत हाय, सर."

"वो देके जा."

चार वर्षांचा संसार असा एका पिनेवर मोडला. जाताना बन्सीने मात्र प्रेमाने हाक मारली, "ए कडू, टॉवेल कुठंय?"

कन्नडला उलटच झालं. स्टँडवर हलगी वाजत होती. पुढारी आला असेल म्हणून कडूबा बाजूला सरकला, तर हार त्याच्याच गळ्यात पडला. नानासाहेब पागोट्यातले, मिशीवाले, दीडशे एकरांचे धनी. त्यांनी कडूबाला उघड्या जीपमध्ये उभं करून बाजारातून फिरवलं आणि मैदानावर नेऊन जमलेल्या लोकांना सांगितलं, "चार साल ह्या माणसाशिवाय औरंगाबादची टीम मैदानात उतरली नाय!"

हे खरंच होतं. बाटल्या त्याच्याचकडे असायच्या.

"नाना," कडूबा त्यांच्या कानाशी लागला, "खरं सांगू का, मी तिथं जास्त करून बाकावर बसायचो."

"बघा!" नानासाहेबांनी लोकांना ओरडून सांगितलं. "एवढा मोठा खेळाडू, पण जमिनीवर पाय हायेत!"

त्यानंतर खरं सांगण्याच्या भानगडीत कडूबा पडला नाही.

मैदान म्हणजे मका वाळवायचं सिमेंटचं खळं. दोन टोकांना खांब रोवून त्यांवर रिंगा बसवल्या होत्या. नानासाहेबांचे धाकटे भाऊ काकासाहेब यांना हा सगळा पोरखेळ वाटे. त्यांनी बजावलं होतं, की यंदा जिल्ह्याच्या स्पर्धेत एक तरी सामना जिंकून दाखवा, नाहीतर दिवाळीपासून तिथं पुन्हा मका पसरेल.

टीममध्ये कडूबा धरून सहा जण. सांडू यष्टीत कंडक्टर होता; गर्दीतून वाट काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. फारूखचं सायकलचं दुकान होतं. अंगाने गोल, पण नेम असा की बसल्या जागेवरून पाना फेकून डब्यात पाडी. कडूबा येईपर्यंत फारूख मैदानात उतरणाऱ्या पाचांतला होता. आता तो सहावा झाला.

"भाऊ, तुमच्यासाठी बाहेर बसनं बी इज्जतीची बात हाय," फारूख म्हणाला.

कडूबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर बसण्यात किती इज्जत असते हे त्याच्याइतकं जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. त्याने फारूखला प्रायश्चित्त म्हणून आपली विद्या शिकवली: बाकावर पुढं सरकून बसावं, म्हणजे पाठ धरत नाही, आणि बॉलकडे बघू नये, माणसांच्या पायांकडे बघावं. सहा रविवार कडूबा कन्नडला जात राहिला. सहा रविवारांत त्याचा खेळ होता तेवढाच राहिला. मात्र गावाला तो दर खेपेला नवा दिसू लागला. त्याच्या हातून बॉल सुटला, तर नानासाहेब म्हणत, "डाव हाय तो."

स्पर्धेची सोडत निघाली. पहिलाच सामना अजिंक्य मंडळाशी.

"बरंच झालं," नानासाहेब म्हणाले. "तुमच्या घरचीच टीम."

काकासाहेबांनी मजुरांना सांगून मक्याची पोती खळ्याच्या कडेला आणून लावली.

सामना औरंगाबादला होता. कन्नडहून दोन जीप भरून माणसं आली. सारजाबाईही आली, चार वर्षांत पहिल्यांदा. नवरा खेळणार होता ना! खेळाडूंची नावं पुकारली, त्यात कडूबाचं पहिलं होतं. बन्सीने समोरून विचारलं, "कडू, तू खरंच खेळनार? म्हंजी, मधी उभा राहून?"

शिट्टी झाली. दुसऱ्याच मिनिटाला बन्सीने तिघांना चकवून अशी काही बास्केट केली, की कडूबाने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. सवयच ती.

"हे टाळ्या काहून वाजवायले?" कुणीतरी विचारलं.

"समोरच्याचं ध्यान उडवायला," नानासाहेब म्हणाले.

मग अजिंक्यचा एक जण पडला, तेव्हा कडूबा बाटली घेऊन धावला आणि तो पाणी पीत असताना त्याच्या साथीदारांनी आणखी दोन गुण केले. यावर मात्र नानासाहेबांनी पागोटं काढून पुन्हा बांधलं.

त्यानंतर कडूबाने मनापासून खेळायचं ठरवलं आणि खरा घोटाळा झाला. पहिला फाउल बन्सीला अडवताना झाला. दुसरा, पहिल्याबद्दल खांद्याला धरून "लागलं का रे?" असं विचारताना, तोवर खेळ पुन्हा सुरू झाला होता. तिसरा आणि चौथा तोल सावरताना झाले. पाचवा कसा झाला ते त्याला स्वतःलाही कळलं नाही. पाच फाउल झाले की खेळाडू बाद. सहा मिनिटांत कडूबा बाहेर आला. फळ्यावर अजिंक्य सोळा, कन्नड दोन.

मान खाली घालून तो बाकावर जाऊन बसला. फारूख आत गेला. कडूबाने टॉवेलने तोंड पुसलं, सवयीने पुढं सरकून बसला, आणि काय आश्चर्य, त्याला सगळं लख्ख दिसू लागलं! हे पाय त्याने चार वर्षं पाहिले होते.

"सांडू!" तो ओरडला. "बन्सी डावीकडं बघतोय, म्हंजी उजवीकडनं जाणार! हो आडवा!"

सांडू आडवा झाला. बन्सी त्याच्यावर आदळला आणि बॉल कन्नडच्या हातात आला.

"फारूखभाई, त्या उंच्याचा गुडघा दुखतो, त्याला वाकता येत नाय! खालून टाका! आणि तो नंबर सात, बॉल दोनदा आपटला की फेकतोच! आता फेकतंय बघा, धरा!"

हाफ टाइमला अंतर पाच गुणांवर आलं. बन्सी वैतागून ओरडला, "सर, त्याला गप बसवा!" मुख्तार सरांनी पंचांकडे तक्रार केली. पंच म्हणाले, "खेळाडू बाद झालाय, त्याचं तोंड बाद झालेलं नाही." शेवटच्या अर्ध्या मिनिटात फारूखने जिथं उभा होता तिथूनच, पाना फेकावा तसा बॉल फेकला. एक्कावन्न-पन्नास. कन्नड जिंकलं!

मुख्तार सर सावकाश चालत कडूबाजवळ आले.

"इतना सब मालूम था, तो चार साल में बोला क्यूं नहीं रे?"

"सर, तुम्ही पाणी मागितलं," कडूबा म्हणाला, "मी पाणी दिलं."

नानासाहेब तोवर लोकांना समजावून सांगत होते, की पाच फाउल मुद्दाम केले, चॅम्पियन लोकांचा खास डाव असतो तो. काकासाहेबांनी गुपचूप एका माणसाला पोती उचलायला कन्नडला पिटाळलं. सारजाबाई पदर सावरत पुढं आली आणि कौतुकाने म्हणाली, "किती छान बसला होतात!"

दुसरा सामना पुढच्या रविवारी औरंगाबादलाच सोयगावशी होता. नानासाहेबांचा हुकूम आला, "भाऊ, ह्या टायमाला पाच फाउल तीन मिनिटांतच उरका." कडूबाची काही हरकत नव्हती, आपली जागा कोणती, हे त्याला आता समजलं होतं. पण कन्नडला विजयाची मिरवणूक निघाली, तीत लोकांनी फारूखला खांद्यावर घेतलं, आणि फारूखचं वजन खांद्यांना पेललं नाही. पाय प्लास्टरमध्ये गेला. उरले पाच.

"भाऊ," सांडू रविवारी मैदानात उतरताना हात जोडून म्हणाला, "आज एक बी फाउल करू नका. तुम्ही गेलात तर आम्ही चारच उरतो."

कडूबाने शब्द पाळला. कुणाला धक्का लागू नये म्हणून तो दोन्ही हात वर करून उभा राहिला आणि सोयगावचे खेळाडू त्याच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत राहिले. तो धावला, पडला, उठला, पुन्हा धावला. बाकावरून काही सांगायला बाकावर कुणी नव्हतं. कन्नड सत्तेचाळीस गुणांनी हरलं. पण कडूबा सगळाच्या सगळा सामना खेळला. चाळीस मिनिटं, एकही कमी नाही.

घरी जाताना पाय उचलेनात, म्हणून सामना पाहायला आलेल्या सारजाबाईने रिक्षा केली. वाटेत कडूबानेच हळूच सुरुवात केली.

"चार गुण केले मी."

"पाहिलं की," सारजाबाई म्हणाली. "त्यातले दोन आपल्याच रिंगमध्ये टाकलेत ना?"

"तेवढे सोयगावला गेले."

सारजाबाईने हिशेब करून पाहिला.

"म्हंजी तुमच्यापुरती तर बरोबरीच झाली की!"

कडूबा विचारात पडला. गेल्या चार वर्षांत त्याची कुणाशीच बरोबरी झाली नव्हती. तो रिक्षात जरा ताठ होऊन बसला आणि त्याचं डोकं टपाला लागलं.