बातम्यांचा रतीब

मोबाइल स्वस्त झाले आणि मच्छिंद्रच्या ढाब्यावरचा एसटीडी बूथ ओस पडला. त्या काचेच्या खोलीत त्याची बायको झुंबरबाई कांद्याची पोती ठेवू लागली. यंदा दिवाळी झाल्यावर मच्छिंद्रने पोती बाहेर काढली आणि आत चक्क कॉम्प्युटर बसवला. ढाब्याला कॉम्प्युटर कशाला लागतो, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. थोडं पुढे असलेल्या मल्हारीच्या ढाब्यावर तो नव्हता, एवढं कारण त्याला पुरेसं होतं.

शहागडात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा कचरू येऊन जोडणी करून गेला. जाता जाता त्याने पडद्यावरचा एक नारिंगी चौकोन दाबून दाखवला.

"मामा, ह्याला फीड म्हणत्यात. बातम्यासाठी एकेक साईट उघडत बसायचं काम न्हाई. एकदा दाबलं की दुधावानी रतीब लागला. नवी बातमी आली की आपूनच तुमच्या दारात."

"रोजच्या रोज?"

"बिलकुल. पेपरवाल्याला झोपेतून उठू द्या, तवर तुमचं वाचून झालेलं आसंल."

कचरूची पाठ वळली नाही तोच बातम्यांची रांग लागली. मच्छिंद्र एकेक ओळ मोठ्याने वाचत होता. अचानक तो खुर्चीतून उठला. पडद्यावर लिहिलं होतं, 'महामार्गावर उद्या रास्ता रोको. गोदावरी पुलावर वाहतूक दिवसभर ठप्प राहण्याची शक्यता.'

ढाबा पुलाच्या अलीकडे. पूल बंद म्हणजे ट्रकांची रांग थेट दारात, आणि अडकलेल्या ड्रायव्हरला भूक दुप्पट लागते.

"अगं, मोठी पातेली काढ! उद्या पूल बंद!"

"कोन म्हन्लं?" झुंबरबाईने विचारलं.

"कॉम्प्युटर."

"आन् कॉम्प्युटरला कोन म्हन्लं?"

मच्छिंद्र चिडला. "तुला कायी सांगन्यात अर्थ न्हाई! पातेली काढ, जल्दी!"

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चुली पेटल्या. गावातल्या चार बायका भाकरी थापायला आल्या. पातेलंभर वांग्याची भाजी, पातेलंभर डाळ, टोपलीवर टोपली भाकरी. उन्हं चढली तसा मच्छिंद्र कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. समोरून ट्रक येत होते, धूळ उडवत पुलाकडे जात होते, आणि एकही परत फिरत नव्हता.

शेवटी त्याने कचरूला फोन लावला. "अरे, रास्ता रोको कुठं अडकला?"

"कोनता?" कचरूला आठवायला वेळ लागला. "आवं मामा, तो मागल्या हप्त्यातला! झालाच न्हाई, आधीच मिटला. पहिल्यांदा फीड लावलं की मागच्या समद्या बातम्या एकदम येत्यात. तेवढं सांगायचं राह्यलं बघा."

मच्छिंद्रने जाऊन पाहिलं. दोनच ओळी वर होतं, 'आश्वासनानंतर आंदोलन स्थगित'. काल ती ओळही त्याने वाचली होती. पण आंदोलनं कुठं ना कुठं रोजच स्थगित होतात, म्हणून सोडून दिली होती.

झुंबरबाई भांडली नाही, आणि त्यामुळेच तो जास्त घाबरला. तिने पातेल्यांवरची झाकणं उघडून दाखवली.

"आता ह्ये कोन खानार? अन्न फेकलेलं मला चालायचं न्हाई, सांगून ठिवते."

मच्छिंद्रला मनापासून रडू आलं. तेवढ्यात अप्पाराव चहाला टेकला. हा कुठल्याच पदावर नसलेला पुढारी, त्यामुळे कायम मोकळा. मच्छिंद्रच्या डोक्यात वीज चमकली.

"अप्पाराव, लई दिवसात तुमी रास्ता रोको केला न्हाई."

"कारनच गावंना."

"गाड्या किती सुसाट जाऊन राह्यल्या! गतिरोधक नको? मानसं जमवा. जेवन माझ्याकडून."

अप्पारावने चहा बशीत तसाच ठेवला. जेवणाची वार्ता त्याच्या भोंग्याच्या आधी गावात पोचली आणि भरपूर माणसं गोळा झाली. ठरल्याप्रमाणे सगळे मच्छिंद्रच्या दारासमोर डांबरावर बसले. डांबर तापलेलं होतं. बसले तसेच उठले.

"म्होरं लिंबाची सावली हाय," अप्पाराव म्हणाला. "उन्हात मागनी करता येत न्हाई."

लिंब मल्हारीच्या ढाब्यासमोर होता. आंदोलन तिकडे सरकलं आणि रस्ता खरोखरच अडला. दोन्हीकडे ट्रक उभे राहिले. मच्छिंद्रला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. पण शब्द दिला होता, आधी आंदोलक पाळीपाळीने त्याच्याकडे येऊन जेवायचे. ते घोषणा देऊन भुकेले होते, बसायच्या आधीपासूनच भुकेले होते, आणि त्यांना वाढायला लागल्यावर मधेच हात आखडता घेणं हे मच्छिंद्रच्या घराण्यात बसत नव्हतं. ड्रायव्हर हात धुऊन आले तेव्हा पातेल्याच्या तळाला पळी वाजत होती. मग ते चालत मल्हारीकडे गेले.

तहसीलचे साहेब येऊन काय बोलले, हे वाढण्याच्या गडबडीत मच्छिंद्रला कळलंच नाही. रस्ता मोकळा झाला. अन्न वाया गेलं नाही, झुंबरबाईने खरकटी पातेली समाधानाने घासायला घेतली, आणि मच्छिंद्र बऱ्याच हलक्या मनाने कॉम्प्युटरसमोर जाऊन बसला.

"अगं ये, ये! आपली बातमी आली!" तो ओरडला. झुंबरबाई राखेचे हात घेऊन दारात आली. "ऐक. 'शहागडजवळील आंदोलनाला यश. जिथे ग्रामस्थ बसले, त्याच जागी...'"

तो थांबला.

"वाचा की."

"'...त्याच जागी, मल्हारी ढाब्यासमोर, दोन दिवसांत मोठा गतिरोधक.'"

म्हणजे यापुढे प्रत्येक ट्रक मल्हारीच्या दारात येऊन हळू होणार. झुंबरबाईला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "नीट बघा. मागल्या हप्त्यातली आसंल."

तसंच असावं अशी देवाची करुणा भाकत मच्छिंद्रने तारीख शोधली.

"आजचीच हाय," तो बारीक आवाजात म्हणाला. "ताजी."

"मंग बसलात काय? मल्हारीला सांगून या. त्याच्या आधी आपल्याला कळलंय!"