नेमाप्पा गव्याच्या पाच निवडणुका आणि एक पोटनिवडणूक

एका जंगलात सिंह राजा नव्हता. म्हणजे सिंह होता, पण पहिल्याच निवडणुकीत त्याचं डिपॉझिट जप्त झालं. तेव्हापासून तो शेजारच्या जंगलात सल्लागार म्हणून काम बघायचा.

हसू नका, मुलांनो. पुढे मोठे झालात की तुम्हालाही मतं मागावी लागतील.

तर या जंगलात दर दोन उन्हाळ्यांनी मतदान होई. निवडून आलेले प्राणी मोठ्या वडाखाली जमत. त्या जमण्याला वनसभा म्हणत. सभेत दोन पक्ष होते, शेंडा पक्ष आणि बुंधा पक्ष. शेंडा पक्ष म्हणे, झाड वरून सुरू होतं. बुंधा पक्ष म्हणे, झाड खालून सुरू होतं. या वादात दोन्ही पक्ष इतके गुंतलेले असत की त्या वडाला पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहत नसे.

वडापासून दोन दिवसांच्या वाटेवर करवंदीचा माळ होता. तिथं नेमाप्पा नावाचा गवा राहायचा. अंगाने केवढा तरी मोठा, आणि कमालीचा गप्प.

त्याला रवंथ करायची सवय होती. गवत तो आधी गिळायचा आणि मग सावकाश तोंडात आणून चावायचा. ऐकलेल्या बोलण्याचंही तो तसंच करायचा. सकाळी कुणी विचारावं, "काय नेमाप्पा, बरं आहे ना?" आणि नेमाप्पाने दिवस मावळताना म्हणावं, "बरं आहे." तोवर विचारणारा घरी पोचलेला असे.

असा प्राणी राजकारणात कसा आला? गवत खायला आला.

त्या वर्षी निवडणूक अधिकारी होता कासव. त्याने टेबल मांडलं होतं तिथं गवत फार चांगलं होतं. नेमाप्पा चरत चरत टेबलापाशी पोचला. कासवाने चष्म्यातून वर पाहिलं.

"तुम्ही उभे आहात का?"

नेमाप्पाने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. चारही पायांवर तो उभाच होता. त्याने मान हलवली.

"अपक्ष?"

याचा अर्थ त्याला कळला नाही. तो विचार करू लागला. तेवढ्यात त्याचा खूर अर्जावर पडला आणि कासवाने तो अंगठा समजून अर्ज ठेवून घेतला.

प्रचार सुरू झाला. शेंडा पक्षाकडून झुंबरराव वानर उभा होता. तो माळावर आला, दोन तास बोलला आणि गेला. बुंधा पक्षाचा साळिंदर आला, तो तीन तास बोलला. माळावरचे प्राणी मग नेमाप्पाकडे गेले. त्याने भाषण केलं नाही, म्हणून त्यांनीच आपली गाऱ्हाणी सांगायला सुरुवात केली. नेमाप्पा ऐकत राहिला. दुपार झाली, ऊन कलंडलं, तरी तो ऐकतच होता. मध्ये एकदाही म्हणाला नाही की मला पुढच्या सभेला जायचंय.

"एवढाच एक आपलं ऐकून घेतो बघा," ससे म्हणाले.

नेमाप्पा अकरा मतांनी निवडून आला.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सुंद्राक्का भेकर त्याच्याकडे आली. तेव्हा ती तरणी होती, नुकतीच माळावर नांदायला आलेली.

"सायेब, माळावर पानी न्हाई," ती म्हणाली. "मोठ्या डोहावर जावं लागतंय. डोहात मगर हाय. पाणवठ्याचं तेवढं बगा."

नेमाप्पाने मान हलवली. मनापासून हलवली, मुलांनो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मान हलवणारे पुष्कळ असतात.

वनसभेत जाताना तो वाटभर ते वाक्य जुळवत होता. पण वाक्य ओठांपर्यंत आलं तेव्हा अध्यक्षांनी अधिवेशन संपल्याचं जाहीर केलं होतं. अध्यक्ष घुबड होते. सभा दिवसा भरत असल्याने ते शेवटच्या घंटेलाच तेवढे जागे होत.

दुसऱ्या निवडणुकीला नेमाप्पा दोनशे मतांनी आला. तिसऱ्याला तर कुणी समोर उभंच राहिना. फक्त झुंबररावने नेमाने अर्ज भरला आणि नेमाने आपटला.

मधल्या काळात सरकारं पडत होती. नेमाप्पाची बसायची जागा सभेच्या मधोमध होती आणि त्याला उठवायची कुणाची टाप नव्हती. म्हणून सरकार बदललं की शिपाई सत्ताधाऱ्यांची बाकं उचलून त्याच्या बाजूला आणून ठेवत. दुसऱ्या दिवशी पोपटांच्या वर्तमानपत्रात बातमी येई, 'नेमाप्पा यांचा पुन्हा पक्षबदल.' नेमाप्पा जागचा हललेलासुद्धा नसे.

तीन वेळा त्याचं नाव मंत्र्यांच्या यादीत लागलं. तिन्ही वेळा शपथ घेता का म्हणून विचारलं, आणि तो हो म्हणेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी शपथ घेऊन खातंही वाटून घेतलं होतं.

चौथ्या वेळी दोन्ही पक्षांनी त्याला पाठिंबा दिला, झुंबरराव तेवढा अपक्ष उभा राहून आपटला. त्याच्या गप्प राहण्याला तोवर मोठा मान मिळाला होता. शाळेतल्या पिल्लांना त्यावर निबंध लिहायला देत.

सुंद्राक्का दर उन्हाळ्यात येई, तेच सांगे आणि जाई. नेमाप्पा मान हलवी. त्या मान हलवण्याची दोन्ही पक्षांनी नोंद घेतली होती. त्याला खूश ठेवायला शेंडा सरकारने पाणवठा मंजूर केला. बुंधा सरकारने त्याचं उद्घाटन केलं, पण माळावर ऊन फार म्हणून वडाखालीच केलं. पुढच्या शेंडा सरकारने त्याची दुरुस्ती केली. माळावर मात्र कुदळीचा एक घावही पडला नव्हता. नेमाप्पाला यातलं काही ठाऊक नव्हतं. कागद वाचायला त्याला बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ लागे.

पाचव्या निवडणुकीनंतरच्या उन्हाळ्यात सुंद्राक्का आली ती एकटीच. एरवी तिच्यामागे पाडस असायचं.

"औंदा धाकटं गेलं, सायेब," ती म्हणाली. "डोहावर. मी म्होरं हुते, ते मागं."

नेमाप्पाने चावणं थांबवलं.

"पाणवठ्याचं बगा," ती म्हणाली आणि वळली. रडली नाही, ओरडली नाही. दहा वर्षं त्याच सुरात ती ते म्हणत आली होती.

त्या दिवशी नेमाप्पाला रवंथ करता आला नाही. गवत पोटात गेलं ते गेलंच. तो दोन दिवस आधीच वनसभेकडे निघाला. वाक्य या वेळी त्याने आणखी लहान केलं होतं.

सभेत पाणीमंत्री बोलत होते. ते मोर होते. आभाळ भरून आलं की त्यांना सगळ्यांत आधी कळतं, म्हणून त्यांना हे खातं दिलेलं होतं.

"करवंदीच्या माळावरील पाणवठा," मंत्र्यांनी पिसारा सावरत वाचलं, "तुडुंब भरलेला असून परिसरातील जनावरे समाधानी आहेत."

नेमाप्पा उठला.

दहा वर्षांत सभेत त्याला उभा राहिलेला कुणी पाहिला नव्हता. त्याच्या शेजारचं बाक कडाडकन मोडलं. त्या आवाजाने घुबड जागे झाले.

"पाणवठा नाही," नेमाप्पा म्हणाला.

मोरांचा पिसारा अर्धा मिटला.

"सन्माननीय सदस्य काय म्हणाले?" घुबडांनी विचारलं.

"पाणवठा नाही. कागदात जी जागा लिहिली आहे, तिथं मी राहतो."

मोर हसले. "आपण एवढे मोठे! आपण त्यावरच बसला असाल, म्हणून दिसत नसेल."

दोन्ही बाकांवर हशा झाला. नेमाप्पाने त्या वाक्याचा रवंथ केला नाही.

"मग चला," तो म्हणाला. "बघू."

आणि तो चालू लागला. मुलांनो, गवा चालू लागला की वाटेत कुणी थांबत नाही. पोपट बातमीसाठी मागे निघाले. पोपट निघाले म्हणून सदस्य निघाले. सदस्य गेले तर कोरम राहणार नाही, म्हणून घुबडही निघाले. तिसऱ्या दिवशी अख्खी वनसभा माळावर पोचली.

तिथं धूळ होती. मधोमध नेमाप्पाच्या अंगाने दबलेलं गवत होतं.

"बाष्पीभवन," मोर म्हणाले.

शेंडा पक्षाने बुंधा पक्षाकडे पाहिलं. बुंधा पक्षाने उद्घाटन केलं होतं, म्हणून त्यांनी आभाळाकडे पाहिलं. नेमाप्पाने मान खाली घातली आणि शिंगाने जमीन उकरायला सुरुवात केली. पहिल्या ढिगाऱ्याची माती मंत्र्यांच्या पिसाऱ्यावर उडाली.

थोड्या वेळाने सुंद्राक्का पुढे झाली आणि खुरांनी माती मागे ढकलू लागली. मग रानडुकरं आली. ती उकरण्यात पटाईत. पोपट सगळं लिहून घेत होते, तेव्हा सदस्यांनाही थोडं उकरावंच लागलं. झुंबररावने तर एक मूठ माती उचलून पोपटांना दोनदा दाखवली.

नवव्या दिवशी ओल लागली. अकराव्या दिवशी पाणी.

नेमाप्पाने त्यात तोंड घातलं. पाणी गढूळ होतं आणि त्याला शिंगांपासून शेपटीपर्यंत बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्याची आमदारकी रद्द झाली. एक, त्याने बाक मोडलं. दोन, परवानगी न घेता त्याने सभागृह जागेवरून हलवलं. ठराव एकमताने मंजूर झाला. झाड कुठून सुरू होतं हे बाजूला ठेवून दोन्ही पक्ष एकत्र आले, ते वनसभेत पहिल्यांदाच.

करवंदीच्या माळावर पोटनिवडणूक लागली. नेमाप्पा पुन्हा उभा राहिला. या वेळी त्याने अर्ज स्वतः, समजून भरला.

समोर झुंबरराव होता. पाच वेळा आपटल्यामुळे त्याला माळाचा दगड न् दगड ठाऊक झाला होता.

"बंधूंनो, भगिनींनो," तो फांदीवरून म्हणाला, "मी तुम्हाला रस्ता देईन! पाणवठ्यापासून थेट आंब्याच्या राईपर्यंत! दोन्ही बाजूंनी सावली! आणि एक सांगतो. नेमाप्पा आता बोलायला लागलाय. आज मंत्र्यांना बोलला, उद्या तुम्हाला बोलेल!"

प्राण्यांनी माना डोलावल्या. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

ते नेमाप्पाकडे गेले. "तुम्ही रस्ता देणार का?"

नेमाप्पाने तीन दिवस विचार केला. राईपर्यंतची वाट चालून बघून आला. मग त्याने उत्तर दिलं.

"मध्ये खडक आहे. फुटेल की नाही, सांगता येत नाही. प्रयत्न करीन."

"बघा," ससे आपापसांत म्हणाले. "निवडणुकीच्या तोंडावर असं बोलतात का? हा पूर्वीचा नेमाप्पा राहिला नाही."

निकाल लागला. झुंबरराव प्रचंड मतांनी निवडून आला. नेमाप्पाचं डिपॉझिट जप्त झालं.

त्याच संध्याकाळी नेमाप्पा पाणवठ्यावर गेला. काठावर सुंद्राक्का होती. तिच्याबरोबर तिच्या थोरल्या लेकीचं पाडस होतं. ते पुढचे पाय पाण्यात घालून पीत होतं आणि मध्येच शिंकत होतं.

"रामराम सायेब," सुंद्राक्का म्हणाली.

"रामराम."

पाडस पुन्हा शिंकलं.

"तुमाला मत न्हाई दिलं मी," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

नेमाप्पाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"पानी झालं," ती म्हणाली. "तुमीच केलं. ल्हान पोरालाबी ठावं हाय. पर आता रस्ता पायजे."

"मी केला असता रस्ता," नेमाप्पा म्हणाला. "खडक फुटला असता तर."

"केला असता वो. तुमी करनारच." सुंद्राक्का त्याला समजावणीच्या सुरात म्हणाली. "पर सायेब, आश्वासन कुटं दिलं तुमी?"

नेमाप्पाने ते ऐकलं, गिळलं आणि काठावर बसून सावकाश चावायला घेतलं. पाडस पाणी पिऊन झाल्यावर त्याच्या पाठीवर चढायचा प्रयत्न करू लागलं. दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा नेमाप्पाने पाठ थोडी खाली केली.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी आमदार झालंच, तर लोकांना पाणवठ्याचं आश्वासन द्यावं आणि ते जिवापाड जपावं. पाणी एकदा प्यालं की संपतं, आश्वासन पाच निवडणुका पुरतं. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी आमदार होऊ नये, गवा व्हावं. जंगलात गव्यांची संख्या सध्या फार कमी आहे.