तिसऱ्या ‘नको’पर्यंत न टिकणारं केळं

एका जंगलात, मुलांनो, पहिल्यांदा विचारल्यावर कुणी काही खात नसे.

भूक नव्हती असं नाही. भूक भरपूर होती. पण ते फार सभ्य जंगल होतं. पाहुण्यापुढे ताट आलं की त्याने म्हणायचं, ‘नको.’ यजमानाने आग्रह करायचा. पाहुण्याने म्हणायचं, ‘नको हो, आत्ताच खाऊन आलो.’ यजमानाने शपथ घालायची. पाहुण्याने तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणून सुस्कारा सोडायचा आणि मग सगळं ताट संपवायचं.

वाघसुद्धा हा नियम पाळत असे. वाघ दिसला की हरणच आधी म्हणे, ‘घ्या ना, वाघोबा.’ वाघ लाजून म्हणे, ‘नको.’ तिसऱ्या ‘नको’पर्यंत हरण पलीकडच्या डोंगरावर पोचलेलं असे. म्हणून त्या जंगलातली हरणं शिष्टाचाराच्या बाबतीत फार कडक होती.

नियम न पाळणारा एकच प्राणी होता. उकिरडेआबा नावाचं रानडुक्कर. त्यांना ‘घेता का?’ विचारलं की ते सरळ ‘द्या’ म्हणत. त्यामुळे त्यांना कुणी बोलावत नसे.

आता त्याच जंगलात मथुराकाकू नावाची एक अस्वलीण राहत होती. तिची गुहा डोंगराच्या पोटात होती आणि तिच्या आतल्या खोलीत बारा महिने बर्फ असायचा. अंगावर एवढी लोकर घेऊन वैशाख काढायचा म्हणजे काय असतं, ते अस्वलालाच विचारा. मथुराकाकू दुपारी त्या बर्फाला पाठ लावून बसायची आणि म्हणायची, ‘देवा, एवढी गुहा आहे म्हणून मी आहे.’

आणि मुलांनो, नेमकी हीच गुहा गुहावाटप समितीच्या डोळ्यांत भरली.

समितीत तिघं होते. अध्यक्ष सिंहीण, तिला सगळे राणीसरकार म्हणत. चिटणीस कोल्हे. आणि हत्तीअण्णा, ते दोन बाजूंची मतं सारखी पडली तर एका बाजूला बसायचे. समितीला सभेसाठी गार जागा हवी होती. समिती काम करताना फार तापायची.

चिटणिसांनी मथुराकाकूला नियम वाचून दाखवला. ‘ज्या गुहेचा जो गुण असेल, त्या गुणाचा जो उपयोग करील, त्याची ती गुहा. तुमची गुहा गार आहे. तुम्ही त्या गारव्याचं काय करता?’

‘पाठ टेकते,’ मथुराकाकू म्हणाली.

‘पाठ कुठेही टेकता येते. या गुहेतच होईल आणि दुसरीकडे होणार नाही, असं काहीतरी करून दाखवा. समिती सोमवारी पाहणीला येईल.’

मथुराकाकू घाबरली. खरंच घाबरली. रात्रभर तिला उन्हाची स्वप्नं पडली. पण ती हाताची चांगली होती. सकाळी उठली आणि कामाला लागली.

तिने वेलची केळी सोलली. पिकलेली, पण हाताला घट्ट लागणारी. अननसाच्या जाड फोडी केल्या. सगळं पंच्याने कोरडं पुसलं, कारण पाण्याचा एक थेंब चॉकलेटात गेला की त्याचा गोळा होतो. मग बांबूच्या काड्या टोचल्या आणि फळं आत बर्फावर रात्रभर ठेवली. सोमवारी सकाळी दगडासारखी टणक झाली होती.

चूल तिने गुहेच्या बाहेर मांडली. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यावर वाडगं, वाडग्यात चॉकलेट आणि चमचाभर खोबरेल. जंगलात चॉकलेट कुठून आलं, असं विचारू नका. कोल्हा नियम कसा वाचतो हे तुम्ही विचारलं नाहीत, मग हेही विचारू नका.

गार केळं गरम चॉकलेटात बुडवलं की क्षणात त्यावर चकचकीत कवच धरायचं. ओलं आहे तोवर वर चारोळी भुरभुरायची. मग लोणी लावलेल्या पानावर मांडून पुन्हा आत बर्फावर. मथुराकाकूने असे चोवीस नग केले. चाखून एकही पाहिला नाही. पाहुण्यांच्या आधी यजमानाने खायचं नाही, असाही त्या जंगलात नियम होता.

दुपारी समिती आली. हत्तीअण्णा गुहेत मावेनात, म्हणून सगळ्यांना बाहेरच्या ओट्यावर बसवलं. ऊन चांगलंच होतं. मथुराकाकूने ताट आणलं. केळ्यांतून गार वाफ निघत होती.

‘घ्या, राणीसरकार.’

‘नको,’ राणीसरकार म्हणाल्या.

‘असं कसं? एक तरी घ्या. चिटणीस, तुम्ही?’

‘नको हो. आत्ताच जेवून आलो.’

‘अण्णा?’

‘नको नको. पोट बिघडलंय.’ हत्तीअण्णांनी पोटावरून सोंड फिरवली. ते पोट तीन दिवस उपाशी होतं. घरून निघताना बायकोने बजावलं होतं, तिकडे काहीतरी मिळेल.

केळ्याच्या टोकावरून चॉकलेटचा पहिला थेंब पडला.

मथुराकाकूने तो पाहिला. पण पाहुण्याला ‘लवकर खा’ म्हणणं म्हणजे त्याला हाकलून देण्यासारखं. ती दुसऱ्या आग्रहाला लागली. तो रीतीप्रमाणे लांब असतो. त्यात घरच्यांची चौकशी येते, मुलांची लग्नं येतात, मागच्या खेपेला तुम्ही काही घेतलंच नाही हे येतं. हत्तीअण्णांच्या घरी माणसं फार, त्यामुळे चौकशी लांबली. मग दुसरा ‘नको’. मग शपथ. मग तिसरा ‘नको’ आणि सुस्कारा.

‘बरं, इतकं म्हणताय तर,’ राणीसरकार म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

ताटात काड्या तरंगत होत्या.

आधी चिटणीस सावरले. सभ्य पाहुणा कधी यजमानाची फजिती होऊ देत नाही. ‘वा!’ ते म्हणाले. ‘काय सुंदर शिकरण केलंय!’

‘शिकरण नाही हो ते,’ मथुराकाकू म्हणाली. ‘ते गोठवलेलं...’

‘तुमचा विनय पुरे. असं शिकरण मी आयुष्यात खाल्लं नाही.’

‘रंग वेगळा आहे,’ राणीसरकार म्हणाल्या. ‘पण शिकरण उत्तम.’

हत्तीअण्णांनी सोंडेने ताट कोरडं केलं आणि दुजोरा दिला.

मथुराकाकू काय बोलणार? पाहुण्यांनी उशीर लावला म्हणून वितळलं, असं म्हणणं म्हणजे पाहुण्याला तोंडावर दोष देणं. तिने रिकामं ताट उचललं. चिटणिसांनी तिथल्या तिथे ठराव लिहिला. ‘शिकरण अत्युत्तम. समिती कौतुक करते. परंतु शिकरण करायला गार गुहा लागत नाही. सबब पुढच्या सोमवारी गुहा रिकामी करावी.’

पाहुणे गेल्यावर मथुराकाकू आत जाऊन बर्फाला पाठ लावून बसली आणि रडली. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या केसांत गोठलं. रडायलासुद्धा अशी जागा दुसरीकडे मिळणार नव्हती.

पुढच्या सोमवारी सामान हलवायचं होतं. कुणी मदतीला आलं नाही. सगळ्यांनी ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं होतं, आणि ते सभ्यपणाने म्हटलं होतं. मथुराकाकूने एकट्या उकिरडेआबांना विचारलं, ‘आबा, भांडी उचलायला येता का?’

‘येतो,’ आबा म्हणाले आणि आले.

सकाळपासून दोघांनी हंडे, परात, पाटावरवंटा बाहेर काढला. आतल्या बर्फावर आदल्या आठवड्याची, न बुडवलेली डझनभर केळी उरली होती. वाडग्यात चॉकलेटही होतं. हे घेऊन उन्हातून कुठे जाणार, म्हणून मथुराकाकूने पुन्हा चूल पेटवली आणि सगळी बुडवून आत ठेवली. इतक्यात समिती ताबा घ्यायला हजर झाली. ओट्यावर बसली. आता ताबा घ्यायला आलेला पाहुणासुद्धा पाहुणाच. मथुराकाकू ताट घेऊन बाहेर आली. कपाळावरून घाम गळत होता. पाठ भरून आली होती.

‘घ्या, राणीसरकार.’

‘नको.’

मथुराकाकूने त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या आग्रहाला तोंड उघडलं. घरच्यांची चौकशी करायची होती. पण तिच्या अंगात तेवढा जीवच उरला नव्हता.

‘बरं,’ ती म्हणाली.

मुलांनो, त्या जंगलात ‘नको’च्या पुढे ‘बरं’ आजवर कुणी म्हटलं नव्हतं. चिटणिसांची लेखणी हातातून पडली. हत्तीअण्णांचे कान हलायचे थांबले.

मथुराकाकू वळली. ‘आबा, तुम्ही घेता?’

‘द्या की,’ आबा म्हणाले.

त्यांनी केळं उचललं आणि चावलं. कट्ट! कवच फुटल्याचा आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेला. आत पांढरं शुभ्र, गारेगार केळं. आबांनी डोळे मिटले. दातांतून ‘स्स’ असा आवाज काढला. चारोळी मिशीला लागली ती जिभेने ओढली.

‘लई ग्वाड,’ ते म्हणाले. ‘आन् गार तर असं, टाळूला झिणझिण्या आल्या बगा. आनखी हाय?’

‘आहे ना. यांना नकोच आहे.’

कट्ट!

चिटणिसांनी घसा साफ केला. ‘काकू, राणीसरकारांनी नको म्हटलं ते एकदाच म्हटलं होतं.’

‘हो, ऐकलं मी.’

‘तुम्ही पुढे विचारलं नाहीत.’

‘नको म्हणाल्या ना त्या.’

कट्ट!

‘तसं मी काही म्हटलं नव्हतं,’ हत्तीअण्णा म्हणाले. ‘म्हणजे आज तरी नाही.’ त्यांची सोंड आपली आपण ताटाकडे सरकत होती आणि ते तिला दातांमागे ओढत होते.

ताटात सहा उरली. मग पाच. राणीसरकार समोरच्या डोंगराकडे बघत बसल्या होत्या. पण कट्ट झालं की त्यांची शेपटी उडायची. आबांनी पुढच्या केळ्याला हात घातला, आणि राणीसरकार उभ्या राहिल्या.

‘मला हवंय,’ त्या म्हणाल्या.

आपल्याच तोंडचा शब्द ऐकून त्या दचकल्या. पण केळं तोवर हातात आलं होतं. त्यांनी चावलं. काडीपर्यंत सगळं संपवलं.

‘हे शिकरण नाही,’ शेवटी त्या म्हणाल्या.

‘नाही,’ मथुराकाकू म्हणाली.

‘हे दुसऱ्या कुठल्या गुहेत होईल?’

‘नाही होणार.’

‘आणि समितीचं कार्यालय इथे आलं, तर हे कोण करील? कोल्हे?’

चिटणीस तोंड भरून चावत होते. त्यांनी मान हलवून असमर्थता दर्शवली. ‘पण राणीसरकार,’ घास गिळून ते म्हणाले, ‘ठराव झाला आहे.’

‘उन्हात वितळला असं लिहा.’

चिटणिसांनी तसं लिहिलं. हत्तीअण्णांनी दोन केळी काडीसकट खाल्ली आणि ते नव्या ठरावाच्या बाजूला बसले. आधी ते ठरावावरच बसणार होते, पण चिटणिसांनी तो वेळेवर उचलला.

अशी गुहा वाचली. हंडे, परात, पाटावरवंटा सगळं परत आत गेलं. या वेळी समितीनेही हात लावला, आणि एक हंडा पोचवला.

सगळं आवरल्यावर पाहुणे गेले. उकिरडेआबा पायरीवर घाम पुसत बसले. मथुराकाकूने आत बर्फावर ठेवलेलं ताट बाहेर आणलं, त्यात एकच केळं उरलं होतं.

‘घ्या, आबा,’ मथुराकाकू म्हणाली.

आबांनी केळ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. ‘नगं,’ ते म्हणाले. ‘तुमी खावा. दोन येळा इतकी केलीसा, एक बी तोंडात टाकलं न्हाई.’

आबांच्या तोंडून आजवर कुणी ‘नगं’ ऐकलं नव्हतं. मथुराकाकूला भरून आलं. आबांना रीतभात आली, असं तिला वाटलं. मग आपण मागे कसं राहायचं?

‘असं कसं? घ्या हो.’

‘नगं, खरंच नगं.’

‘दिवसभर ओझी वाहिलीत. घरी सगळी बरी आहेत ना? मुलगी कुठे दिली?’

‘बरी हाईत. खालच्या ओढ्याला दिली. पर तुमी खावा.’

‘माझी शप्पथ आहे तुम्हाला, आबा!’

आणि मुलांनो, दोघांनी खाली बघितलं तेव्हा ताटात एक काडी तरंगत होती.

मथुराकाकू आधी कपाळावर हात मारून बसली, मग पोट धरून हसायला लागली. आबाही हसले. मग तिने आतून दोन चमचे आणले. दोघांनी पायरीवर बसून ते शिकरण अर्धं अर्धं खाल्लं. चिटणिसांनी सांगितलं होतं तेवढं चांगलं नव्हतं. पण वाईटही नव्हतं.

तात्पर्य : पाहुण्याच्या ‘नको’वर एकदा ‘बरं’ म्हणून पाहावं, म्हणजे त्याला खरंच काय हवंय ते कळतं. मात्र आयुष्यात एखादा खरोखरचा ‘नको’ वाट्याला आला, तर आपल्याला तो ओळखू येत नाही, इतके आपण सभ्य आहोत. म्हणून मुलांनो, घरात चमचे ठेवावेत.