रूथमावशीची तीन पेडांची प्रार्थना

रूथमावशीला देवाशी बोलायचं असलं की हातात कुणाचे तरी केस लागतात. केस नसले तर तिला प्रार्थना येतच नाही. आता तुमी म्हणाल असं कुठं असतंय का, पण मी रोज सकाळी डोळ्यानं बघायची. आमचं दार आणि तिचं दार, मधे नुसता गुडघ्याएवढा कठडा.

नेरूळला आमची बैठ्या खोल्यांची ओळ होती. मी श्रीरामपूरकडनं लग्न होऊन आले तेव्हा ओळीत ख्रिस्ती घरं दोनच, आमचं आणि मावशीचं. मावशी एका दवाखान्यात आया. नवरा ट्रकवर, आठवडा आठवडा घरी नाही. पदरात चार पोरी, एस्तेर, दीना, नाओमी आणि धाकटी पुष्पा. एवढा पसारा असून त्या बाईच्या घरात रोज सकाळी प्रार्थना व्हायची म्हणजे व्हायचीच, आणि माझ्या घरात एक नवरा आणि एक पोर असून व्हायची नाही. इथनंच माझ्या पोटात दुखायला लागलं.

तर तिची प्रार्थना अशी. दाराच्या पायरीवर मावशी. तिच्या पुढं खालच्या पायरीवर एस्तेर, एस्तेरच्या पुढं दीना, मग नाओमी, आणि सगळ्यात खाली पाटावर पुष्पा. मावशी एस्तेरची वेणी घालणार, एस्तेर दीनाची, दीना नाओमीची, नाओमी पुष्पाची, आणि पुष्पा तिच्या बाहुलीची. केसांचे तीन पेड करायचे. एक पित्याचा, एक पुत्राचा, एक पवित्र आत्म्याचा. वरनं मावशी बोलणार आणि खालपर्यंत सगळ्यांचे हात एकदम चालणार.

"हे प्रभू, आज दीनाचा गणिताचा पेपर हाय, तिच्या डोक्यात जरा उजेड पाड. मान सरळ! आन तिच्या मास्तराला माया दे. मान सरळ म्हटलं ना गं! यांची गाडी घाटात हाय, ब्रेक तू बघ. तेल कुणी जास्त लावलं हिला? शेजारच्या काकूंच्या गुडघ्याला आराम दे. रिबीन दे."

रिबीन दे हे देवाला नाही, पुष्पाला. पण ती दोघांशी एकाच आवाजात बोलायची, त्यामुळं नवीन माणसाला कळायचं नाही की प्रभूकडं काय मागितलं आणि पोरीकडं काय.

शेवटी सगळ्या मिळून गाठ कचकन आवळायच्या आणि चारी पोरी एकदम ओरडायच्या, "आई गं... आमेन!"

की झालं. वेणी झाली, प्रार्थना झाली, दप्तरं उचलून पोरी शाळेत, मावशी ड्यूटीला. कुणी विचारलं की मावशी म्हणायची, "देवाला रिकाम्या हातानं बोलवू नये. त्यालाबी घाई, आपल्यालाबी घाई."

नवरा घरी असायचा तेव्हा त्याचीबी पाळी, पण त्याला टक्कल. मग त्याची प्रार्थना टॉवेलनं डोकं पुसता पुसता. ती लवकर संपायची.

पलीकडच्या साताऱ्याच्या काकू एकदा त्यांच्या सोनीला घेऊन आल्या, म्हणल्या, "रूथबाई, आमच्या सोनीचीबी घाला, तुमच्या वेण्या दिवसभर सुटत नाहीत. देव कुठलाबी चालंल." मावशीनं सोनीला नाओमी आणि पुष्पाच्या मधे बसवलं. त्या वर्षी सोनी पास झाली. मग काय, ओळीतल्या अजून दोघी पोरी आल्या. मी कठड्याच्या अल्याड बाळाची लंगोटं पिळत बघत बसायची. माझ्या अंगाचा तिळपापड.

कारण माझी सकाळ कशी, तर पाणी आलं म्हणून पळा, स्टोव्ह पेटत नाही म्हणून पिन मारा, ह्यांची फर्स्ट शिफ्ट, डबा, पोर रडतंय, भाकरी करपली, पोर अजून रडतंय. प्रार्थनेला बसले की डोळे मिटले तर झोप लागायची आणि उघडे ठेवले तर कामं दिसायची. शिकलेली मी सातवी, तीबी अर्धी. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला घेतलं की एका ओळीवर बोट ठेवून अडकून बसायची.

आणि मला भ्या होतं. माझं पहिलं बाळ राहिलं नाही. सासूबाई तेव्हा म्हणल्या, "घरात सकाळची प्रार्थना नसली की असं होतंय." एकदाच म्हणल्या, पण ते माझ्या कानातनं निघालंच नाही. दुसरा आशिष झाला, धडधाकट झाला, तरी रात्रीतनं उठून मी त्याच्या नाकापुढं बोट धरायची. आज प्रार्थना राहिली, आता काय होईल, असं म्हणत दिवसभर पाळण्याकडं फेऱ्या. आणि तिकडं मावशीच्या पोरी टुणटुणीत, कुणाला साधी सर्दी नाही. मला वाटायचं, प्रभू सकाळी आमच्या ओळीत येतो, तिच्या पायरीवर बसतो, आणि माझं दार येईस्तोवर त्याची वेळ संपते.

रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी तर कहर केला. म्हणले, "बायांनो, वेळ नाही, वेळ नाही म्हणता. आपल्या रूथबाईंकडं बघा!" सगळ्या बायांनी माना वळवून मावशीकडं बघितलं. मावशीनं पदर तोंडाला लावला. घरी येताना हे मला म्हणले, "शेजारी राहतेस, काय तरी शिक."

मग मीबी केलं. पण आशिषच्या डोक्यावर केस ते किती, फुंकर मारली की हलणारे. त्यातली एक बट धरून मी तीन पेड करायला गेले. पित्याचा झाला, पुत्राचा झाला, आत्म्याला केस उरले नाहीत. पोरानं असा टाहो फोडला की हे दाढीचा साबण तसाच घेऊन बाहेर आले.

"काय चालवलंयस पोराच्या डोक्याला?"

"प्रार्थना," मी म्हणले.

"त्याला टकला करून?"

मग माझीच वेणी घालून बघितली. हात मागं नेले की दम लागायचा, आणि मागायला एकच सुचायचं. बाळाला काही होऊ देऊ नको. बाळाला काही होऊ देऊ नको. मास्तराला माया, काकूंचा गुडघा, असलं काही माझ्या तोंडात यायचंच नाही. मावशीची चार पोरींची प्रार्थना ऐकावी तर भरल्या बाजारासारखी, आणि माझी म्हणजे एका आण्याचं मीठ.

एकदा मी धीर करून कठड्यावरनं म्हणले, "मावशी, सगळ्यांचं नाव घेता, आमच्या आशिषचं घेत नाही?"

"घेते की."

"मी ऐकलं नाही."

"रोज घेते. तू तेव्हा पोराला गप करत असतीस." आणि हसली. मला वाटलं, खोटं बोलतेय.

त्या जूनमध्ये मावशीच्या पोरी गेल्या. मावशीला रातपाळी लागायला लागली होती, एस्तेर मोठी दिसायला लागली होती, ओळीच्या टोकाला टवाळ पोरं उभी राहायची. पाळकसाहेबांनी नगरकडच्या बोर्डिंगात चौघींना जागा करून दिली. ट्रंका भरल्या, बापानं पोरींना ट्रकमध्ये पुढं बसवलं आणि नेऊन सोडलं.

खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हणले, आता बघू पायरीवर कोण बसतंय. आता झाली ती माझ्यासारखी.

दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी. त्याच्या पुढच्या दिवशीबी. दार लोटलेलं, आत नुसता भांड्यांचा आवाज, मावशीचा नाही. सोनी येऊन दारात उभी राहिली, थोडा वेळ थांबली, आणि परत गेली. तिची आई आता तिला बाजारातला हेअरबँड लावून पाठवायला लागली. मी मुद्दाम कठड्याशी लंगोटं पिळत बसायची, पण मजा यायची नाही. जळायला समोर काहीतरी लागतंय ना.

मग एका सकाळी मावशी आमच्या दारात. ड्यूटीची पांढरी साडी, हातात फणी.

"शालन, डोकं विंचरलंस का गं?"

माझं डोकं कसलं विंचरलेलं, दोन दिवसांची जट होती. हे कामावर गेलेले, आशिष पाळण्यात.

"बस जरा," ती म्हणली. आमच्या पायरीवर स्वतःच टेकली आणि मला पुढं ओढून बसवलं.

लग्न झाल्यापासनं माझ्या डोक्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मी मान खाली घालून बसले. ती गुंता सोडवत राहिली. हळू. पोरींच्या वेळेस ती इतक्या हळू कधी विंचरायची नाही.

"मीबी बोर्डिंगातच वाढले," ती मागनं म्हणली. "आमाला केस ठेवू देत नव्हते. उवा व्हतात म्हणून. न्हावी यायचा, ओळीनं बसवायचा, आन सगळ्यांची चकोट. सुट्टीला घरी गेले तर आई फणी घेऊन बसली, आन तशीच बसून राहिली. विंचरायला काय नव्हतंच ना गं."

"आता तसं नसतंय मावशी. आता लई सुधारलंय."

"हा. पाळकसाहेबबी तसंच म्हणले."

तिनं माझ्या केसांचे तीन भाग केले. मला वाटलं, आता माझं नाव घेईल, आशिषचं घेईल, आज तरी मी स्वतःच्या कानानं ऐकेन.

"पित्याचा," ती म्हणली. "पुत्राचा."

आणि थांबली. तिसरा पेड तिच्या हातात तसाच. मी वाट बघितली. मागं वळून बघायची सोय नाही, केस तिच्या मुठीत. नुसता तिचा श्वास ऐकू यायला लागला, अडकून अडकून येणारा.

कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि तिथं दुसरं कोण होतं? मीच तोंड उघडलं.

"पवित्र आत्म्याचा," मी म्हणले. "हे प्रभू, एस्तेरचे केस कुणी कापू नको देऊ. दीनाचेबी. नाओमीचे कुरळे हायेत, ते ओले असताना विंचरायला सांग, नाहीतर तुटतात. पुष्पाला गाठ घट्ट सहन होत नाही, ती सांगायची नाही, पण होत नाही. आणि न्हावी आलाच, तर प्रभू, तो म्हातारा असू दे, हात कापणारा, पोरींना बघून त्याला त्याची नात आठवू दे, आणि त्यानं पिशवी उचलून घरी जावं. आणि तिथं कुणीतरी असू दे, कुणीबी असू दे, रोज सकाळी त्यांना पुढं बसवून घेणारं."

एवढं मी आयुष्यात एका दमात कधी मागितलं नव्हतं. माझं तेच मागणं, बाळाचं, ते मागायचं राहूनच गेलं. आणि सांगू का, त्या वेळीबी मला त्या चार पोरींचा हेवाच वाटला. एवढ्या लांबनं कुणी आपल्या केसांची काळजी करतंय म्हणून.

"आमेन," मावशी म्हणली. मग नाक ओढून, "किती बोलतीस गं. श्वास तरी घे."

मी बोलत होते तोवर वेणी पूर्ण झाली होती. मी हात लावून बघितला, चापूनचोपून, अगदी सरळ. रिबीन द्यायला मी हात मागं केला.

मावशीनं ती घेतली नाही. तिनं सगळी वेणी सोडली, फणी घेतली, आणि परत पहिल्यापासनं घालायला लागली.