दिवाणामागची खुर्ची

विमा कंपनीतली सव्वीस वर्षांची नोकरी सोडून मी त्रेपन्नाव्या वर्षी थेरपिस्ट झालो, तेव्हा अख्खं ब्वेनोस आइरेस माझीच वाट बघत बसलंय अशी माझी खात्री होती. या शहरात बेकऱ्यांपेक्षा थेरपिस्ट जास्त आहेत, ही बाब मला किरकोळ वाटली. माणसं कशी ओळखायची ते मला कुणी शिकवायला नको होतं! लोकांचे नळ फुटायचे, गाड्या चोरीला जायच्या, आणि मी "पावती दाखवा, फोटो दाखवा" म्हणत त्यांच्यावर संशय घ्यायचो. मनाचा अभ्यास याहून वेगळा काय असणार?

गुरुवारी पाचला पहिली पेशंट यायची होती. खोली तासाच्या भाड्यानं घेतलेली. त्यात एक दिवाण आणि त्याच्या डोक्याच्या बाजूला, मागे, एक खुर्ची. पेशंटनं आढ्याकडे बघत बोलायचं, आपण मागे बसून ऐकायचं. चारच्या तासाला येणाऱ्या डॉक्टरबाई सुट्टीवर होत्या, म्हणून खुर्चीत बसायचा सराव करायला मी तासभर आधीच गेलो. बायकोला, म्हणजे मिर्ताला, जागेचा पत्ता सांगितला नव्हता. आधी पेशंट टिकू दे म्हटलं.

चारला बेल वाजली. बाई फारच उतावळी दिसते, असं म्हणत मी बटण दाबून दार उघडलं आणि केस विंचरायला आत पळालो. बाहेर येतो तर एक बाई दिवाणावर आडवी! मी पाय न वाजवता मागच्या खुर्चीत बसलो.

"डॉक्टरबाई, या आठवड्यात तर कहर झाला," ती म्हणाली.

आवाज तर घरचाच. मिर्ता! ती चौदा वर्षं दर गुरुवारी थेरपीला जाते, हे मला माहीत होतं. कुठं जाते, ते तिनं सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल. बाईंनी सुट्टीचा निरोप पाठवला असणार, पण मिर्ता कुणाचेच निरोप वाचत नाही.

लगेच उठून सांगायला हवं होतं. तोंडातून आलं फक्त "हं".

"रुबेन थेरपिस्ट झालाय, आता जगाचं ऐकणार म्हणे. मी बोलायला लागले की माझं वाक्य तोच पुरं करतो, तेही चुकीचं. आईला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात रडत होते. हा डोकावून म्हणतो, कांदे जरा बेतानं चीर."

ते कांदे मला चांगले आठवत होते. पुढचा अर्धा तास असाच गेला आणि माझा सदरा घामानं भिजला.

"ठरलं माझं. शनिवारी रोसारियोला बहिणीकडे जातेय. परतीचं काही ठरवलेलं नाही. तिकीट काढलंय."

आणि तिथंच सव्वीस वर्षांच्या सवयीनं घात केला.

"तिकीट दाखवा," मी म्हणालो.

मिर्ता ताडकन उठून बसली. वळली. आता टेबलावरचा दिवा डोक्यात बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"कधीपासून बसलायस?"

"पहिल्यापासून. चाळीस मिनिटं झाली."

"आणि मध्ये बोलला नाहीस?"

"नाही."

ती पुन्हा आडवी झाली.

"माझ्या पन्नास मिनिटांतली दहा उरलीत. बस तसाच. आणि तोंड उघडू नकोस."

त्या दहा मिनिटांत जे ऐकलं ते इथं सांगणार नाही. एवढंच सांगतो, की मी रडलो आणि नाक पुसायचीही माझी छाती झाली नाही. पाचला खरी पेशंट आली, तेव्हा माझ्यात बोलायचं त्राणच नव्हतं. मी नुसतं "हं" म्हणत राहिलो. ती पुढच्या गुरुवारीही आली!

मिर्तानं तिकीट परत केलं. "तुझं तोंड दिसलं नाही की तुझ्याशी छान बोलता येतं," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे जेवायला टेबलाशी ती एकटीच बसते. माझी खुर्ची तिच्या पाठीमागे, आणि ताट मांडीवर.