छावणीतल्या सर्वांनी यावे

चौसाळ्याच्या दूध उत्पादक संस्थेतून सचिव म्हणून रिटायर झाल्यावर त्रिंबकरावांना दोन गोष्टी मिळाल्या. एक शाल आणि दुसरा मोबाइल. शाल त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, पेटीत टाकली. मोबाइलही पेटीत टाकला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

पण मोबाइल हातात राहिला आणि त्रिंबकरावांना जुने दिवस आठवायला लागले. तरुणपणी एका उन्हाळ्यात ते लिंबागणेशच्या माळावर श्रमसंस्कार छावणीला गेले होते. धर्मराज गुरुजींनी भरवलेली. सुट्टीतली पोरं गोळा करायची, माळावर तंबू ठोकायचे, सकाळी बांध घालायचा, दुपारी झाडाखाली भाषणं आणि रात्री शेकोटी. (आमच्याकडं मे महिन्यात शेकोटी! पण गुरुजी म्हणाले, छावणी म्हटली की शेकोटी पाहिजे. घाम पुसत पुसत सगळे गोल बसायचे.) त्या छावणीतली पोरं आता पांगली होती. कुणी पुण्याला, कुणी लातूरला, कुणी ऊसतोडीचा मुकादम झालेला. या सगळ्यांना पुन्हा एकत्र आणायचं, असं त्रिंबकरावांनी एका सकाळी चहा पिता पिता ठरवलं.

"मग बोलवा की," सुभद्राबाई म्हणाल्या. "पर त्याला संमेलन म्हणा. मेळावा म्हणा. छावणी म्हणू नका."

"कावून?"

"सालच तसलं हाय."

साल खरंच तसलं होतं. विहिरींचे तळ उघडे पडले होते, गावात टँकर चार-चार दिवसांनी यायचा, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी चारा हा एकच विषय. पण त्रिंबकराव सचिवपदावर होते तेव्हाही मूळ मसुद्यातला शब्द बदलू द्यायचे नाहीत. "तिचं नाव छावणी होतं, छावणीच ऱ्हाईल," ते म्हणाले आणि चष्मा लावून एका बोटानं मजकूर लिहायला बसले:

'आपल्या छावणीतल्या सर्वांनी रविवारी सकाळी चौसाळ्याला माझ्या मळ्यात यावे. खाण्यापिण्याची व मुक्कामाची सोय मोफत. ओळखीत आणखी कुणी असल्यास सोबत आणावे. आधी फोन करावा. आपला, त्रिंबक, माजी सचिव, दूध संस्था.'

गुरुजींचा आणि दोन-चार जणांचा नंबर होता, त्यांना पाठवला. बाकीच्यांचे नंबर कुठून आणणार? म्हणून त्यांनी तो मजकूर दूध संस्थेच्या सभासदांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'कृपया पुढे पाठवा.' आमच्या भागात पाठवू नका म्हटलेलंही पुढं जातं. हे तर पाठवा म्हटलेलं होतं.

दुपारीच पहिला फोन आला. नेकनूरचा धुळाजी. त्रिंबकरावांना वाटलं, नेकनूरची एक तुकडी होती छावणीत, त्यातल्याच कुणाचा तरी धाकटा भाऊ असेल.

"आबा, छावणी खरंच हाय का? का नुसतीच आवई?"

"आवई कशी? मी लिहिलंय खाली माझं नाव!"

"न्हाई, तुमचं नाव वाचूनच फोन केला. समदे चालतील?"

"समदे."

"म्हातारे बी?"

"अरे, म्हाताऱ्यांसाठीच तर चाललंय हे!"

पलीकडं धुळाजीचा आवाज जड झाला. "बाकीकडं म्हातारे घेत न्हाईत, आबा. म्हणतेत, काम न्हाई धाम न्हाई, नुसते खातेत. माझ्याकडं दोन हायेत. जन्मभर राबले माझ्यासाठी. आता दात बी ऱ्हायले न्हाईत त्यांचे."

त्रिंबकरावांचे डोळे भरून आले. आई-बापाला असं जपणारं पोरगं आजकाल कुठं मिळतं? "धुळाजी, बिनघोर आण. त्यांना मी सगळ्यात पुढं बसवतो."

"बसवायची घाई नका करू. त्यांचं ते बसतेत. अन् पाणी?"

"गार पाण्याचा टँकर सांगितलाय."

"या अल्ला!" धुळाजी म्हणाला. (तो हिंदूच, पण आमच्याकडं फार आनंद झाला की असंच तोंडातून निघतं.) "अन् बिल्ला मिळंल का?"

"प्रत्येकाला मिळंल. नावासकट."

"कानात मारणार का?"

"कानात कशाला? छातीवर लावू."

"छातीवर कसा बसंल, आबा?"

"टाचणीनं."

धुळाजी म्हणाला, "तुमी जाणते हाव," आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोनवर फोन. सगळे विचारायचे ते एकच, किती आणू? त्रिंबकराव सगळ्यांना सांगायचे ते एकच, असतील तेवढे आणा. त्यांची छाती फुगत चालली होती. गुरुजींची छावणी एवढी मोठी होती, हे त्यांना स्वतःलाच आठवत नव्हतं. संध्याकाळी सुंदरबाई नावाच्या एका विधवा बाईंचा फोन आला.

"दादा, माझ्याकडं एकच हाय. पर तिचे दिवस भरत आलेत. तिथं आल्यावर काय झालं तर?"

"ताई, काळजी करू नका. डॉक्टरला सांगून ठेवतो. स्वतंत्र खोली देतो."

"खोली?" बाई रडायलाच लागल्या. "दादा, आमी सोत्ता पत्र्याखाली ऱ्हातो. तुमी तिला खोली देता?"

त्रिंबकरावांनी आत जाऊन सांगितलं, "सुभद्रा, एक बाळंतीण येणार आहे. मधली खोली मोकळी कर."

"तुमच्या छावणीत बाळंतीण कशी?"

"सुंदरबाईंची लेक असंल. नाहीतर सून. मला काय विचारतीस? लोकांचं प्रेम आहे!"

सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला, पण दुसऱ्या दिवशी खोली सारवली, बाज टाकली, वर सोलापुरी चादर अंथरली आणि डिंकाचे लाडूही वळले. बाळंतीण कुणाचीही असो.

रविवारी पहाटे त्रिंबकरावांना घंटांचा आवाज ऐकू आला. त्यांना वाटलं, स्वप्नात गुरुजींनी कवायतीची घंटा दिली. तेवढ्यात सुभद्राबाईंनी दार लोटलं.

"आवो, उठा. तुमचे छावणीतले आले."

"इतक्या लवकर? कोण कोण?"

"वळखू यायचं न्हाई मला. शिंगं समद्यांनाच हायेत."

त्रिंबकराव धोतर सावरत बाहेर आले. मळ्यात गायी होत्या, म्हशी होत्या, बैल होते, खोंडं होती. बांधावर जनावरं, विहिरीजवळ जनावरं, आणि एक काळी कालवड दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण सावकाश खात होती. त्यांच्यामागं दावी धरून थकलेली माणसं उभी होती. त्रिंबकरावांना काही केल्या उमगेना. त्यांना आधी वाटलं, ही सगळी मंडळी बाजाराला चाललीत आणि वाट चुकलीत.

"रामराम आबा," एक जण पुढं आला. "मी धुळाजी. हे बघा आणले."

"आईवडील कुठंयत?"

"माझे? ते जाऊन लई वर्सं झाली."

"मग ते म्हातारे? दात नसलेले?"

धुळाजीनं मागं हात केला. दोन हाडकुळे पांढरे बैल मान खाली घालून उभे होते. "हा राजा अन् हा वजीर. पुढं बसवतो म्हणलता न्हवं?"

त्रिंबकराव वजिराकडं बघत राहिले. वजीर त्यांच्याकडं बघत राहिला. कोण जास्त गोंधळलेलं होतं, सांगणं अवघड.

"अरे धुळाजी, ही ती चारा-छावणी नव्हे! ही माणसांची! आमी पोरं होतो तेव्हाची!"

"माणसांची?" धुळाजी चक्रावला. "माणसांना बी चारा मिळतो?"

शेवटी एकदाचा उलगडा झाला. कुणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं झालं असतं. सुंदरबाई आपल्या गाभण गायीच्या पाठीवर हात ठेवून खाली बसल्या. धुळाजी म्हणाला, "रातभर चालत आलोत, आबा. परत नेतो. पर हे दोघं नेकनूरपोत्तर पोचतील असं वाटत न्हाई."

इतिवृत्तात अशा वेळी 'चर्चा होऊन विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले' असं लिहायची त्रिंबकरावांना सवय. इथं पुढची सभा नव्हती.

तेव्हा सुभद्राबाई घराबाहेर आल्या. त्यांनी पदर खोचला, गोठ्यामागं गेल्या आणि स्वतःच्या दोन गायींसाठी राखलेली कडब्याची गंज ओढायला लागल्या.

"सुभद्रा, आपल्या गायींना काय घालशील?"

"ते उद्या बघू. बोलावलंय न्हवं तुमी? खाण्यापिण्याची सोय मोफत, असं लिवलंय. मग उपाशी कसं धाडायचं? हात लावा!"

त्रिंबकराव पेंढ्या वाहत असतानाच दोन जीपा येऊन थांबल्या. पहिलीतून धर्मराज गुरुजी उतरले. वय झालेलं, पाठ वाकलेली, पण गळ्यात शिट्टी. मागून टोप्या घातलेले जुने छावणीकर आणि पुण्याच्या बँकेतला मुंजाजी, पांढरे बूट घालून. गुरुजींनी मळाभर नजर फिरवली. जनावरं, पेंढ्या, घामाघूम त्रिंबक. त्यांचा चेहरा उजळला.

"शाब्बास, त्रिंबक! मला वाटलं, हार-तुरे करशील आणि आम्हाला श्रीखंड चारशील. तू तर खरीखुरी श्रमछावणी लावलीस!"

"गुरुजी, तसं नाही हो, ते झालं असं—"

"बोलायचं नंतर!" गुरुजींनी शिट्टी फुंकली. साठीला आलेली माणसं दचकून रांगेत उभी राहिली. "पहिली तुकडी पाणी. दुसरी तुकडी चारा. मुंजाजी, तू शेण!"

"गुरुजी, मी एन्जॉय करायला आलोय," मुंजाजी म्हणाला.

"मग कर की!" गुरुजींनी त्याच्या हातात पाटी दिली.

दुपारपर्यंत मुंजाजीचे बूट कोणत्या रंगाचे होते हे कुणाला सांगता आलं नसतं. माणसांसाठी सांगितलेला टँकर जनावरांनी संपवला. जनावरांसाठी आलेल्या माणसांनी जेवणावळ संपवली. आणि भर उन्हात, गुरुजींचं भाषण सुरू होत असतानाच, सुंदरबाईंच्या गायीला कळा लागल्या. सावली एकच होती. गाय सरळ ओसरी चढून मधल्या खोलीत शिरली आणि सोलापुरी चादर अर्धी खाऊन, उरलेल्या अर्धीवर व्यायली.

सुभद्राबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग त्यांनी डिंकाच्या लाडवांचा डबा आणला आणि एकेक लाडू गायीला भरवला. "बाळंतीणच हाय की," त्या म्हणाल्या. "तुमी तेवढं खरं बोलला होतात." सुंदरबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

वासरू उभं राहिलं तेव्हा गुरुजींनीही भाषण आवरतं घेतलं. जुने छावणीकर फोनला लागले. मुकादम झालेल्या एकानं कारखान्याकडच्या ओळखीतून उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्याचा, ट्रक मिळवला. मुंजाजीनं पुण्यातल्या मित्रांकडून आणखी दोन ट्रकांची सोय केली. दूध संस्थेच्या चेअरमनना गुरुजी स्वतः जाऊन भेटले. (चेअरमनही कधी काळी त्यांच्या हातचा मार खाल्लेले.) संस्थेनं अर्ज केला, तहसीलला खेटे घातले आणि मळ्यातली छावणी रीतसर मंजूर झाली. पाऊस पडेपर्यंत ती चालली. दर रविवारी जुने छावणीकर पाट्या घेऊन हजर. जे वर्षानुवर्षं एकमेकांना भेटले नव्हते, ते आता शेण कुणी उचलायचं यावरून आठवड्याला भांडत होते. गुरुजी म्हणाले, संबंध टिकवायला यापरतं काय पाहिजे?

त्रिंबकरावांचं मात्र समाधान व्हायचं होतं. छावणीची बातमी पेपरात यावी, असं त्यांना मनातून वाटत होतं. आणि एक दिवस बीडहून पत्रकार आलाही. त्रिंबकरावांनी घाईघाईनं तोंड धुतलं, फेटा बांधला आणि राजा-वजिराच्या मधोमध उकिडवे बसले. उन्हातान्हात राबून त्यांची गालफडं बसली होती, पण नजर भविष्याकडं होती.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. चांगला मोठा. बैलांच्या शिंगांमागं फेटा झाकला गेला होता, पण चेहरा स्वच्छ दिसत होता. बातमी नव्हती, खाली एकच ओळ होती: 'चाऱ्याअभावी हाडांचा सापळा झालेली चौसाळा येथील जनावरे.'

सुभद्राबाईंनी पेपर लांब धरला, जवळ धरला. "फोटो झकास आलाय," त्या म्हणाल्या. "पर तुमी लई वाळलाव."

त्रिंबकरावांनी तिरिमिरीत पेपरच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडं मशिनचा धडधडाट.

"अहो, फोटोखाली चूक झाली तुमची!"

"काय चूक?"

"ते दोघं बैल नेकनूरचे आहेत! आणि मधला—"

"नेकनूरचे का? बरं, बरं. उद्या दुरुस्ती टाकतो," माणूस म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

दुरुस्ती खरंच आली. आतल्या पानावर, चौकटीत: 'कालच्या छायाचित्रातील तिन्ही जनावरे चौसाळ्याची नसून नेकनूरची आहेत.'